पदर कोणत्या खांद्यावर

९ ऑगस्ट, शनिवार. हुडकेश्वर, नागपूर

राखीच्या नावानं आली, पण पिशवीत चार साड्या भरून आली. उमरेडच्या बसस्टँडवर भैयाजीले सांगितलं, काम झाल्याबिगर मी काही परत येत नाही. अंगणवाडीत तीस वर्षं रोजच्या रोज लिहाची सवय, रिटायर झाली तरी हात थांबत नाही. म्हणून आधी कामच लिहून ठेवते.

आम्ही तिघं भावंडं. मी मोठी, मधला भैयाजी अन् शेंडेफळ शरच्चंद्र, म्हणजे आमचा शरद. शरद मिहानमध्ये एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवते. त्याची बायको दीपमाला मागच्या वर्षी जुलैत तापाचं निमित्त होऊन गेली. मागे लेक गुंजन राहिली, बारा वर्षांची. वर्षभर सण करता येत नव्हता, म्हणून मागच्या भादव्यात शरदच्या घरच्या महालक्ष्म्या उमरेडले भैयाजीकडे बसवल्या. पितळी मुखवट्यायची पेटी तेव्हापासून तिथेच आहे. आता वर्ष सरलं अन् शरद म्हणते, पेटी द्या, माझ्या घरी बसवतो. भैयाजीची बायको सुभद्रा म्हणते, ज्या घरात बाई नाही त्या घरात महालक्ष्म्या बसवन कोण? मुखवटे इथेच राहू द्या, अन् पोट्टीलेही इथेच आणा. शरदले हे समजावून सांगाचं काम मोठी म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

सुभद्राचा त्या मुखवट्यायवर आधीपासून डोळा आहे हे मले माहीत आहे. आमच्या आईनं जाताना ते दीपमालाच्या ओटीत घातले, कारण आईचं शेवटचं सारं तिनंच केलं. सुभद्राले ते कधी पचलं नाही. पण ह्या वेळी ती खोटं नाही बोलून राहिली. दोघं बापलेक काय महालक्ष्म्या बसवतीन? अन् गुंजन उमरेडले आली तं माझ्याकडेच झोपन. माझं घर भैयाजीले लागूनच आहे, अन् आमचे हे गेल्यापासून अकरा वर्षं एक पलंग रिकामाच आहे. त्याच्यासाठी मी नवी गादीही भरून घेतली. पोट्टीले त्रास नको म्हणून, दुसरं काही नाही.

घर पाहिलं. पसारा असन, खरकटी भांडी पडली असतीन, असं वाटलं होतं. ओटा पुसलेला, कपडे घड्या घालून ठेवलेले. एकही चूक सापडली नाही अन् माझं डोकंच फिरलं.

१० ऑगस्ट, रविवार

आज चूक सापडली. शरद सकाळी चहाचा कप घेऊन पलंगावर बसते. समोर कपाटाचा उभा आरसा. त्या आरशात तो नुसता पाहत राहते. मी दारातून दोनदा आली-गेली, त्याले पत्ता नाही. चहावर साय आली तरी हा पाहूनच राहिला. माणूस पंचेचाळिशीच्या पुढे आरशात तोंड पाहाले लागला की काय समजाचं ते मी समजली. बिचाऱ्याले बोलता येत नसन. रामटेकची एक बाई माझ्या नजरेत आहे, शाळेत शिकवते, नवरा वारला, मूलबाळ नाही, स्वभावानं शांत. विषय काढीन.

दुसरी चूक गुंजनची. बारा वर्षांची घोडी अन् वेणी घालता येत नाही! स्टुलावर बसते, अन् बाप मागे उभा राहून दोन वेण्या घालून देते. मी म्हटलं, लाज नाही वाटत का वं? म्हणते, "मले जमत नाही, आत्या."

पण मंग त्या वेण्या नीट पाहिल्या. लहानपणी आमच्या घरी हातमाग होता तेव्हा शरद सुताच्या कांड्या भराचा. माग विकला त्याले जमाना झाला, पण धाग्यासारखं काही हातात आलं की त्याची बोटं अजून तशीच चालतात. केस ओढत नाही, गुंता आला तं थांबते, सोडवते, पुढे जाते. दोन्ही वेण्या एका मापाच्या. माझ्या हातून एक वर अन् एक खाली झाली असती. हे त्याले बोलून दाखवलं नाही, उगाच चढन.

१४ ऑगस्ट, गुरुवार

रामटेकच्या बाईचं बोलली. शरद पहिले समजलाच नाही, अन् समजला तेव्हा असा हसला की गुंजन अभ्यास सोडून पाहाले आली, बाबाले काय झालं म्हणून. पोट्टी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. तिनं बऱ्याच दिवसांत बापाले हसताना पाहिलं नसन.

"ताई, तुले कोणी सांगितलं मले लग्न कराचं आहे?"

"रोज आरशात तोंड पाहतं, मले दिसत नाही का?"

त्याचं हसणं थांबलं. म्हणे, "मी माझं तोंड नाही पाहत, ताई."

"मंग काय पाहतं?"

"काही नाही. बसतो आपला." अन् गॅसवरची भाजी पाहाले उठला. दोडक्याची भाजी चांगली झाली होती, दाण्याचा कूट थोडा जास्त होता. आमच्या दोन्ही भावायनं लहानपणी पाण्याचा ग्लास उचलून घेतला नाही कधी. हा आता कणीक भिजवते, डबा भरते, ड्युटीवर जाते, अन् संध्याकाळी येताना पोट्टीच्या वहीले कव्हर आणाचंही विसरत नाही. शिकला कधी, कोणाजवळ, देव जाणे.

१७ ऑगस्ट, रविवार

आज माझ्या हातून एक काम झालं, पण चांगलं झालं की वाईट ते मले अजून समजलं नाही.

पलंगासमोर आरसा नसावा हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरात आजारपण येते म्हणतात. शरदची रविवारची जादा ड्युटी होती. शेजारची जनाबाई अन् तिचा नवरा ह्यायले बोलावलं अन् तिघायनं मिळून कपाट दुसऱ्या भिंतीले लावलं. खोली मोठी दिसाले लागली. कपाटाखालून दोन टिकल्या अन् एक साडीची पिन निघाली, ती केरात टाकली.

गुंजन ट्यूशनहून आली अन् दारातच उभी राहिली. "आत्या, ते कपाट काहून हलवलं?"

मी कारण सांगितलं. पोट्टीनं केराचा डबा उघडला, पिन शोधून काढली, धुतली, अन् स्वतःच्या कंपासपेटीत ठेवली. जेवताना फक्त म्हणे, "बाबाले नाही आवडणार." मी म्हटलं, मोठ्या माणसायचं सांगू नको मले.

शरद आला, खोलीत गेला, बाहेर आला, हातपाय धुतले, जेवला. मलेच वाटलं, कपाटाचं काही बोलन तं बरं.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी उठली तं कपाट जुन्या जागी. त्यानं एकट्यानंच सरकवलं असन, फरशीवर ओरखडे आहेत. पलंगावर बसून चहा पिऊन राहिला होता, आरशात पाहत. मले म्हणे, "ताई, राग मानू नको."

राग कशाचा? मले स्वतःले आरसा लागत नाही. अकरा वर्षांपासून मी मोरीत उभी राहून अंदाजानं साडी नेसते, कोणाचं काही अडलं नाही. पण ज्याले लागते त्याले लागते. तसा सकाळपासून जीव जरा खट्टू आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

पोट्टी लबाड निघाली! जनाबाईच्या ओट्यावर बसून तिच्या नातीच्या वेण्या घालून राहिली होती. साध्यासुध्या नाही, कपाळापासून चापून नेलेल्या, सागरवेणी. बोटं अशी चालत होती, बापाच्याच वळणावर गेली. मी हात धरून घरात आणलं. म्हटलं, तुले वेणी येत नाही न?

घाबरली नाही. म्हणे, "येते. आईनं शिकवली होती."

"मंग रोज बापाले काहून ताटकळत ठेवतं? त्याले ड्युटीची घाई राहते."

"आत्या, त्याले नको सांगू."

"काहून?"

"असंच." अन् मंग म्हणे, "तेवढ्या वेळात तो बोलते."

आळस झाकाले काहीही कारणं. तरी मी सांगितलं नाही शरदले. पोट्टीनं हात जोडले नाही, रडली नाही, सरळ पाहून सांगितलं. अशा माणसाची चुगली करवत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. उमरेड

शरद, गुंजन अन् मी पेटी मागाले आलो. मी खरं म्हणजे शरदले समजावणार होती, पण पंधरवडा झाला, माझ्या तोंडून ते शब्द निघाले नाही. बसमध्येही नाही.

सुभद्रानं चहा-चिवडा दिला अन् विषय स्वतःच काढला. "भावजी, राग नका मानू. मुखवटा दारातून आत आणाले बाईचा हात लागते. तुमच्या घरात बाई कोण आहे?"

शरद खाली पाहून म्हणे, "वहिनी, गुंजन आहे."

"ती लहान आहे. अन् दोन मुखवटे, दोन बाया पाहिजेत."

गुंजन चिवड्यातले दाणे वेचून खात होती. म्हणे, "मोठी आई, आत्या आहे न."

"आत्याचं वेगळं आहे, बेटा."

"काय वेगळं आहे? आत्या बाई नाही का?"

भैयाजीनं टीव्हीचा आवाज कमी केला, जो आधीच कमी होता. आमचे हे गेल्यापासून महालक्ष्म्यायच्या दिवशी मी चुलीजवळ बसून कढई सांभाळते. पुरण माझं, वडे माझे, आंबील माझी, पण आरतीच्या वेळी मी मागच्या दाराशी. इतक्या वर्षांत कोणी मले विचारलं नाही, अन् मीही कोणाले विचारलं नाही. आज ह्या एवढ्याश्या पोट्टीनं भर बैठकीत विचारलं अन् मले उगाचच पायाची नखं पाहावी लागली.

शेवटी भैयाजीनं तोडगा काढला. ह्या वर्षी पेटी ने. पण काही उणंदुणं झालं तं विसर्जनानंतर मुखवटे कायमचे उमरेडले, अन् दिवाळीनंतर गुंजनही. निकाल ताई देईन, ताईचा शब्द पक्का. सुभद्रा माझ्याकडे पाहून हसली. तिले वाटते, मी तिच्याच बाजूची आहे. आहेच म्हणा.

घरी जाऊन पलंगावरच्या नव्या गादीवर हात फिरवून आली. जरा दमट लागली, भैयाजीले उन्हात टाकाले सांगून आली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. हुडकेश्वर

लिहाले फुरसत नाही. गणपती बसला, अन् आता महालक्ष्म्यायची तयारी. शरदनं सुटी टाकली. फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या मी तळल्या, गुंजननं दोऱ्यात ओवल्या. शरद उमरेडच्या एका विणकराजवळून दोन साड्या घेऊन आला, करवती काठाच्या, एक हिरवी अन् एक जांभळी. दुकानदार लोक काठ डोळ्यानं पाहतात, हा डोळे मिटून अंगठ्यानं पाहते. म्हणे, "ताई, हातमागाचा आहे. आपल्या मागावरच्यासारखा." आमच्या बाबांचे डोळे गेले तेव्हा ते असंच पाहाचे.

मी विचारलं, साड्या नेसवन कोण? जनाबाई तयार आहे. तिले बोलाव.

"मी नेसवतो."

"तुले येते?"

"पाहिलं आहे न."

मी म्हटलं, पाहून येत असतं तं सारं गाव हलवाई झालं असतं. पण तो ऐकाले तयार नाही. मी जाऊन दाखवलं असतं, पण देवीच्या साडीले मी हात लावत नाही. ठेवलं तसंच.

३१ ऑगस्ट, रविवार

रात्र बरीच झाली, पण आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी शरदनं बैठकीत लोखंडी सांगाडे मांडले, त्यायच्या पोटात गहू-तांदूळ भरले अन् दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरात. आतून साडीची सळसळ ऐकू येत होती. नेसवाचा, सोडाचा, पुन्हा नेसवाचा. एकदा बराच वेळ काहीच आवाज नाही. मी गुंजनले म्हटलं, जाऊन पाह्य तं. म्हणे, "राहू दे, आत्या. त्याले वेळ लागन."

मंग मुखवटे आत आणाची वेळ झाली. दारापासून कुंकवाची पावलं गुंजननंच उमटवली. जनाबाई नव्या साडीत आली होती, ज्येष्ठेचा मुखवटा ती घेणार, कनिष्ठा गुंजन घेणार, असं ठरलं होतं. गुंजननं काय केलं, थाळी अन् चमचा जनाबाईच्या हातात दिला. "काकू, तुम्ही वाजवा." अन् ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात माझ्यासमोर.

"आत्या, घे."

"नाही वं माय. मले चालत नाही."

"कोणाले नाही चालत?"

मी जनाबाईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली, पण पुढे आली नाही अन् मुखवटा मागितलाही नाही. मी शरदकडे पाहिलं. तो म्हणे, "ताई, ज्येष्ठा मोठी बहीण होय. तूच आण."

हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मुखवटा घेतला. पितळ थंड राहते हे मी विसरूनच गेली होती. मंग जनाबाईनं थाळी वाजवली अन् आम्ही दोघी कुंकवाच्या पावलांवरून आत आलो. माझे डोळे भरून आले होते, मले काही धड दिसत नव्हतं. मुखवटा बसवला, हात सोडला, डोळे पुसले, अन् तेव्हा दिसलं. पदर उजव्या खांद्यावर! दोघीयचाही!

निऱ्या बघाव्या तं एकसारख्या, जशा मशीनमधून काढल्या. काठ कुठे दुमडला नाही. अन् पदर उलटा. एकदा मुखवटा बसला की विसर्जनापर्यंत साडीले हात लावता येत नाही. आता बोलून काही फायदा नाही.

जनाबाई गेल्यावर मी म्हटलं, "शरद, पदर डाव्या खांद्यावर असते."

तो महालक्ष्मीकडे पाहाले लागला, मंग माझ्याकडे. खरोखर गोंधळला. "दीपाचा असाच असाचा, ताई."

"दीपमाला काय गुजरातीण होती?"

गुंजन खोलीच्या दाराकडे पाहून राहिली होती. तिच्या तोंडावर काहीतरी आलं अन् गेलं. मले वाटलं, रडन. रडली नाही, बापाचा हात धरून म्हणे, "चांगल्या दिसतात, बाबा."

मीही पाहिलं पुन्हा. चांगल्या तं दिसतच होत्या. पण उद्या सुभद्रा येणार आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

सोळा भाज्या झाल्या, पुरण झालं, आंबील झाली, पडवळाची कढी झाली. शरद सकाळपासून उभा होता. सवाष्णी जेवाले बसल्या तं तो कमरेले टॉवेल खोचून वाढत होता, कोणाच्या पानात काय संपलं ते न विचारता ओळखत होता. एक बाई म्हणे, आमच्या घरच्या माणसाले पाठवतो तुमच्याकडे शिकाले. मले माझ्या भावाचा इतका अभिमान वाटला की कढी वाढताना सांडली.

सुभद्रानं पोटभर जेवून घेतलं अन् मंग बोलली. सगळ्यांसमोर नाही, तेवढी लाज तिनं राखली. स्वयंपाकघरात येऊन म्हणे, "यमुताई, पदर पाहिला का? ज्या घरात बाई असते त्या घरात ही चूक होत नाही. भावजीयची मेहनत दिसते, मी नाही म्हणत नाही. पण देवीचं आहे. उद्या विसर्जन झालं की पेटी आम्ही घेऊन जातो. तुम्ही सांगाल न?"

काय सांगू? चूक तं आहेच, अन् मी स्वतः डोळ्यांनी पाहिली. मी स्वयंपाकघरात बसली नसती तं झालीही नसती, हेही खरं आहे. म्हटलं, उद्या सांगते.

भैयाजी अन् सुभद्रा जनाबाईकडे मुक्कामाले गेले. भांडी घासताना शरद म्हणे, "ताई, तू सांगशील ते मी मानीन. फक्त गुंजनले दिवाळीआधी नको नेऊ. तिची सहामाही आहे." अन् पातेलं घासत राहिला, जे आधीच लख्ख झालं होतं. वाटलं, पोट्टीले ह्याच्यापासून तोडू नये. पण मनात हेही आलं की दिवाळीनंतर पोट्टी माझ्याकडे येईन. दोन्ही एकदमच मनात आलं, ते काही लपवत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन झालं. आता नीट लिहिते.

सकाळी गुंजन माझी जांभळ्या काठाची साडी घेऊन आली. "आत्या, आज ही नेस. अन् आरशासमोर नेस. तुझ्या निऱ्या वरखाली होतात."

"मले काही आरसा लागत नाही."

"लागते," म्हणे, अन् हात धरून शरदच्या खोलीत नेलं, कपाटासमोर उभी केली. स्वतः मागे पलंगावर बसली, शरद चहा घेऊन बसते तिथेच.

आरशात पाहाची सवय राहिली नाही. पहिले तं मी स्वतःलेच ओळखलं नाही, आईच दिसली. मंग नेसाले लागली. निऱ्या घातल्या, खोचल्या, पदर डाव्या खांद्यावर टाकला, रोज टाकते तसाच, अन् मान वर करून पाहिलं.

समोरच्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता.

मी पदर काढला. पुन्हा टाकला. माझ्या अंगावर डावीकडे, अन् आरशातली बाई माझ्याकडे तोंड करून उभी, तिचा पदर बैठकीतल्या महालक्ष्मीच्या पदरासारखा, बरोबर त्याच बाजूले.

गुंजन मागून हळूच म्हणे, "आई इथेच नेसाची. बाबा इथे चहा प्याचा."

मी पलंगावर बसली. सोळा वर्षं तो माणूस सकाळचा चहा घेऊन इथे बसला अन् समोर आरशात बायको साडी नेसताना पाहिली. तेवढीच त्याची शिकवणी. आता ती नाही, तरी तो रोज तिथे बसते, अन् मी म्हातारी त्याच्यासाठी बायको शोधून राहिली होती. मी ते कपाट दुसऱ्या भिंतीले नेऊन लावलं होतं. अन् परवा दार लोटून, सोडून-सोडून, त्यानं जशी पाहिली होती तशीच ती पुन्हा उभी केली, एक निरी इकडची तिकडे न होऊ देता.

मी गुंजनले पोटाशी धरून रडली. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पोट्टीही रडली. मी आल्यापासून तिले पहिल्यांदा रडताना पाहिलं. तिले विचारलं, तुले कधी समजलं? म्हणे, "परवाच. त्यानं आईचं नाव घेतलं न तेव्हा." मंग नाक पुसून म्हणे, "बाबाले नको सांगू. त्याले माहीत नाही. त्याले खरंच वाटते, असाच असते."

विसर्जनाची आरती झाली. दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मुखवटे जरासे हलवले. मी पुढे उभी होती, आरशात पाहून नेसलेल्या साडीत. सुभद्रा माझ्याकडे एकदा अन् माझ्या साडीकडे एकदा पाहत होती. मुखवटे फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले अन् तिनं पेटीची कडी धरली.

मी म्हटलं, "सुभद्रा, पेटी राहू दे."

"काय म्हणता, यमुताई? पदराचं काय?"

"पदर बरोबर आहे. तू अन् मी चुकीच्या बाजूनं पाहून राहिलो होतो."

तिले काही समजलं नाही, अन् मी समजावलंही नाही. भैयाजी म्हणे, ताई, नीट विचार केला का? मी म्हटलं, मुखवटे आईनं ह्या घरात दिले, ते ह्याच घरात राहतीन. ह्या घरात बाई आहे का म्हणून आता कोणी विचारलं तं त्याले माझ्याकडे पाठवा. अन् गुंजनची शाळा इथेच. तिले कोणी कुठे नेणार नाही.

हे शेवटचं बोलताना माझा आवाज जरा बसला. शरदच्या ध्यानात आलं असन. त्यानं सुभद्राच्या हातातून पेटी घेतली अन् कपाटाच्या वर ठेवून दिली, आरशाच्या वर.

५ सप्टेंबर, शुक्रवार. उमरेड

काल परत आली. घर बंद होतं, कुबट वास येत होता. खिडक्या उघडल्या. नवी गादी गुंडाळून उभी केली होती, ती पलंगावर अंथरली अन् स्वतःच झोपली तिच्यावर. चांगली भरली आहे. पोट्टी उन्हाळ्याच्या सुटीत येईन तेव्हा तिले देईन. आमच्या ह्यायचा दाढीचा आरसा भिंतीवर मळून गेला होता, तो पुसून काढला. लहान आहे, पण खांदा दिसते त्यात.

सकाळी शरदचा फोन आला. पोहोचली का, जेवली का, सारं विचारलं. मंग जरा थांबून म्हणे, "ताई, पुढच्या वर्षी चार दिवस आधी ये. पदर डाव्या खांद्यावर कसा घेतात ते मले एकदा दाखव. उगाच तुले बोलणी बसतात."

मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतात. मले उभं राहून काही दाखवणं होत नाही. तुले येते तशीच नेसव."

मागून गुंजनचा आवाज आला, "बाबा, वेणी राहिली माझी, उशीर होऊन राहिला."

"थांब, ताई," तो म्हणे, "हिले अजून वेणी येत नाही."

मी म्हटलं, जाय, घालून दे.